मुलांच्या हाती चिमुकला घोडा

वाचकहो, आपल्या खेड्यांतून एक बोल नेहमी कानी पडतो. मुलाचे अभ्यासात चित्त नसले म्हणजे बाप संतापून म्हणतो, "शाळा नको ना? मग जा, गुरे राख!" गुरे राखणे ही जणू शिक्षाच! ज्या म्हशीच्या दुधावर ते मूल वाढले, जिच्या दुधाच्या पैशांतून त्याची वह्यापुस्तके आली, तिच्याजवळ जाणे म्हणजे कमीपणा, असे आपण नकळत त्याच्या मनावर बिंबवीत असतो. आम्हीही हा बोल पुष्कळदा ऐकला आणि सोडून दिला. त्याचा विचार करावयास आम्हांस भाग पाडले ते सातासमुद्रांपलीकडील एका मुलीने आणि आमच्या कमरेलाही न पोहोचणाऱ्या तिच्या घोड्याने.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील ओहायो राज्यात उन्हाळ्याचे सहा आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील एका खेड्यातील धर्मगुरू रजेवर गेले होते व त्यांच्या जागी आमची नेमणूक झाली होती. गाव मक्याच्या शेतांनी वेढलेले. दर गुरुवारी रात्री आम्ही एका शेतकरी कुटुंबाकडे जेवावयास जात असू. त्या घरी दहा वर्षांची एक मुलगी होती आणि तिच्यापाशी 'बिस्किट' नावाचा एक तांबूस घोडा होता. घोडा म्हणजे किती मोठा? आपल्याकडील थोराड जमनापारी बोकडाएवढा! प्रथमदर्शनी आम्हांस ते शिंगरूच वाटले. मुलीने हसून सांगितले, "फादर, तो माझ्याहून मोठा आहे. बारा वर्षांचा आहे."

ऑगस्ट महिन्यात तेथील काउंटीची कृषिजत्रा भरली. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग. गाई, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या, भोपळे, मुरंबे, सारे काही तेथे मांडलेले होते. घोड्यांच्या रिंगणाभोवती लोक दाटीने उभे होते. सात-आठ मुले आपापला चिमुकला घोडा म्होरकीच्या दोराने धरून ओळीने आत आली. त्यांत एका मुलाचा काळाभोर घोडा असा देखणा होता, की पहिले बक्षीस त्याचेच, असे आम्ही मनोमन ठरवून टाकिले. बिस्किट त्याच्यापुढे अगदीच सामान्य दिसत होता. पोट थोडे सुटलेले, आयाळ विरळ.

परीक्षक बाई एकेका मुलापुढे थांबत होत्या. त्या घोड्याच्या उजव्या अंगास गेल्या, की मुले आपली जागा बदलीत, म्हणजे परीक्षकाची आणि घोड्याची दृष्टभेट मुलाच्या अंगामुळे अडू नये. मग त्यांनी प्रत्येकास एक प्रश्न विचारला: "तुझा घोडा दिवसाला किती गवत खातो?" आमच्या यजमानांची मुलगी म्हणाली, "त्याचे वजन नव्वद किलोच्या आसपास आहे. दीड किलो सुके गवत, दोन वेळांत विभागून. मी तोलून देते." काळ्या घोड्याच्या मुलाने मात्र कुंपणाकडे पाहिले. तेथे त्याचे वडील उभे होते.

पहिली निळी फीत बिस्किटच्या म्होरकीस लागली. आम्ही चकित होऊन यजमानांस विचारिले, "असे कसे?" ते म्हणाले, "फादर, घोड्याच्या रूपाची परीक्षा दुपारी आहे, आणि तेव्हा तो काळा घोडाच जिंकेल. ही परीक्षा मुलांची होती." आणि खरोखरच दुपारी तो काळा घोडा पहिला आला.

तेथील जत्रांत मुलांसाठी हा एक वर्ग मुद्दाम राखून ठेविलेला असतो. त्यात घोड्याची ठेवण, उंची, रंग यांस गुण नाहीत. मुलाने घोडा कसा आणिला, कसा थांबविला, कसा मागे घेतला, त्याची स्वच्छता कशी राखली, आणि त्याविषयी त्यास काय ठाऊक आहे, एवढेच पाहतात. ही कल्पना आमच्या मनात घर करून राहिली आणि उरलेल्या आठवड्यांत आम्ही त्या घोड्यांविषयी मिळेल ते जाणून घेतले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्राणी तट्टू नव्हे. आपल्या भीमथडीच्या तट्टांचे नाव मराठी माणसास नवे नाही. मराठ्यांच्या घोडदळाने त्यांच्याच पाठीवरून मुलूख पालथा घातला. सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे पाहिलेले वाचकही असतील. ते सारे स्वारीचे घोडे. अमेरिकेतील 'मिनिएचर' घोडा हा मात्र पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मुद्दाम लहान राखलेला घोडा होय. १९७८ साली तेथे 'अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन' स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे त्याची उंची ३४ इंचांहून, म्हणजे पावणेतीन फुटांवर एक इंच, याहून अधिक असता कामा नये. मोठ्या घोड्याची उंची खांद्याच्या उंचवट्यापासून मोजतात. ह्याची मोजतात ती आयाळीचे शेवटचे केस जेथे संपतात तेथून. दुसरी एक नोंदवही १९७२ पासून शेटलंड तट्टांच्या संस्थेकडे आहे. तीत ३४ इंचांपर्यंतचा एक व ३८ इंचांपर्यंतचा दुसरा असे दोन विभाग आहेत. दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिना देशात फालाबेला घराण्याने वाढविलेली चिमुकल्या घोड्यांची जातही प्रसिद्ध आहे.

लहान घोड्यांच्या इतिहासात एक काळी खूण आहे. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत एके काळी लहान मुले अरुंद भुयारांतून गाड्या ओढीत. १८४२ साली कायदा झाला आणि स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांस खाणीच्या पोटात कामास लावण्याची बंदी झाली. मग ते ओझे ओढण्यासाठी शेटलंड बेटांवरील ठेंगणी तट्टे मोठ्या संख्येने खाणींत उतरविण्यात आली. कित्येकांचे आयुष्य जमिनीखालच्या तबेल्यांतच गेले. त्याच शेटलंड तट्टांचे रक्त आजच्या चिमुकल्या घोड्यांत आहे. ज्या जनावराने लहान मुलांचे ओझे आपल्या अंगावर घेतले, त्याच्या वंशजांची सेवा आज लहान मुलांनी करावी, हे आम्हांस फार योग्य वाटले.

आता मुलांच्या ह्या शिक्षणामागे जी व्यवस्था आहे, तिचीही थोडी माहिती घेऊ. १९०२ साली ओहायोतीलच क्लार्क काउंटीत आल्बर्ट ग्रॅहम नावाच्या एका शाळा-अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे एक मंडळ काढिले. मुलांनी घरच्या तुकड्यात मका, भाजीपाला व फुले लावावीत, मातीची परीक्षा करावी आणि त्याची नोंद ठेवावी, असा त्याचा क्रम होता. नव्या बियाणांवर व नव्या पद्धतींवर मोठे शेतकरी चटकन विश्वास ठेवीत नसत. मुले ठेवीत, आणि मुलांची कणसे पाहून बाप विचार करू लागत. त्यातूनच पुढे 'फोर-एच' नावाची संघटना वाढली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य ह्या चार गोष्टींची इंग्रजी नावे 'एच' ह्या अक्षराने आरंभ होतात, म्हणून हे नाव. चार पाकळ्यांचे हिरवे पान हे तिचे चिन्ह. १९१४ च्या एका कायद्याने कृषी महाविद्यालयांचे ज्ञान गावोगावी पोहोचविण्याची व्यवस्था झाली व ही मंडळे त्या व्यवस्थेशी जोडली गेली. साधारणतः आठ ते अठरा वर्षांची मुले तीत असतात. प्रत्येकाने वर्षभरासाठी एक काम पत्करावयाचे व त्याची वही ठेवावयाची. कोणी वासरू वाढवितो, कोणी शिवण शिकतो, कोणी चिमुकला घोडा सांभाळितो.

त्या घरी आम्ही एकदा सकाळीच गेलो होतो. साडेसहा वाजले होते. मुलगी रबरी बूट घालून ठाणात लीद उचलीत होती. प्रथम पाण्याची बादली घासून नवे पाणी. मग काट्यावर तोललेले गवत. मग खूर पाहणे. चारही खूर एकेक करून उचलावयाचे आणि लोखंडी आकड्याने आतील माती व खडे काढावयाचे. मग खरारा. ह्या घोड्यांस बहुधा नाल ठोकीत नाहीत; पण खूर नखांसारखे वाढतच असतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदास बोलावून ते छाटून घ्यावे लागतात. धनुर्वाताची व इतर रोगांची लस, जंतांचे औषध, वर्षातून एकदा दातांची तपासणी, हे सारे मोठ्या घोड्याप्रमाणेच. चिमुकल्या तोंडात दातांची दाटी होते, म्हणून ही तपासणी तर अधिकच अगत्याची. यजमान म्हणाले, "गवत थोडे लागते, पण डॉक्टर आणि नालबंद लहान घोड्याचे पैसे लहान घेत नाहीत!"

कामाची वाटणी वयाप्रमाणे होती. पाच वर्षांचा धाकटा भाऊ केवळ ब्रश आणून देई व मोठ्या माणसाच्या देखत घोड्याच्या खांद्यावरून तो फिरवी. मुलीकडे रोजची निगा व वही. पंधरा वर्षांच्या थोरल्या भावाकडे कुंपणाची दुरुस्ती व गवताचे गठ्ठे. औषध टोचणे, घोडी विताना जवळ असणे ही कामे मात्र आईबापांची. घोडा लहान आहे म्हणून मुलास एकटे सोडावे, असे त्या घरी कोणासही वाटत नव्हते. नव्वद किलोंचे जनावर पायावर उभे राहिले तर बोटे मोडू शकतात, आणि लाथ ती लाथच.

म्हणून पहिले धडे सुरक्षिततेचे. घोड्यास आपल्या नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. तेव्हा बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने त्याच्याजवळ जावे. त्याच्या डाव्या अंगास चालावे. दोराचे वेढे हाताभोवती कधीही गुंडाळू नयेत. घोडा बुजून पळाला तर वेढा आवळतो आणि मूल फरफटत जाते. दोराच्या घड्या घालून त्या मुठीत धराव्यात, म्हणजे वेळ आली तर मूठ उघडता येते. मुलांच्या वर्गांत वळू घोडा साधारणतः आणू देत नाहीत. खच्ची केलेला, वयाने मुरलेला, शांत घोडाच मुलाच्या हाती देतात. आरंभी मुलास शिंगरू घेऊन देण्याचा मोह अनेकांस होतो. दोघेही नवशिके! त्यात दोघांचेही नुकसान होते.

ह्या घोड्यावर बसता येते काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अगदी लहान बालकास क्षणभर बसविता येईल. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाचे ओझे त्याच्या पाठीस सोसवत नाही. तेव्हा जो घोडा आपणांस पाठीवर घेणार नाही, त्याची निगा मुलाने राखावयाची! सुरुवातीस हे आम्हांस विचित्र वाटले. परंतु त्यातच ह्या शिक्षणाचे मर्म आहे. मुलास घोड्याच्या पाठीवरून नव्हे, तर त्याच्या शेजारून चालावे लागते. त्याच्या कानांची हालचाल, त्याचे थबकणे, त्याचे भय, हे सारे ते पाहू लागते. पुढे मूल दोर धरून त्यास लाकडी पुलावरून नेते, दांड्यांमधून वळविते, मागे सरकविते. उडीच्या स्पर्धेत मूल शेजारून धावते आणि घोडा एकटा उडी मारतो. मोठी मुले त्यास हलक्या छकड्यास जुंपून दुडकीने हाकितात, कारण पाठीवर न पेलणारे ओझे चाकांवर त्यास सहज ओढता येते. असे शिकविलेले काही घोडे रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत नेतात. अमेरिकेत २०१० साली झालेल्या नियमांनी तर अपंगांच्या सेवेसाठी शिकविलेल्या चिमुकल्या घोड्यास काही अटींवर सार्वजनिक ठिकाणी प्रवेश दिला आहे.

आता एक दुःखाची हकीकत सांगणे आवश्यक आहे, कारण जनावरांवर प्रेम करणाऱ्या घरांतच ती घडते. शेजारच्या शेतावर अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा आपल्या घोड्यावर फार जीव. घरच्यांच्या नकळत तो त्यास मूठमूठ मका, सफरचंदे, गोड भाकरीचे तुकडे भरवी. वसंतात कुरणात कोवळे गवत माजले होते, तेही घोडा दिवसभर खाई. थंडीतील दाट केसांमुळे त्याची चरबी डोळ्यांस दिसत नव्हती. एके दिवशी सकाळी घोडा जागचा हलेना. पुढचे पाय पुढे ताणून, सारा भार मागे टाकून तो उभा होता. डॉक्टरांनी खुरांस हात लाविला, ते तापलेले होते.

घोड्याचे खूर म्हणजे केवळ कठीण कवच नव्हे. त्याच्या आत नाजूक पापुद्रे असतात व त्यांनीच आतील हाड कवचाशी धरून ठेविलेले असते. अति सकस खाण्याने ह्या पापुद्र्यांस सूज येते. ती वाढली तर हाड जागचे सरकते आणि घोडा कायमचा लंगडा होतो. कधी त्यास मरण देणेच दयेचे ठरते. चिमुकल्या घोड्यांत हा रोग फार आढळतो. आपले हात त्यांच्या मानाने मोठे आहेत. आपली एक मूठ त्यांच्या पोटास फार होते.

मग उपाशी ठेवावे काय? तेही नाही. लठ्ठ चिमुकल्या घोड्याचे खाणे एकाएकी बंद झाले, तर त्याच्या अंगातील चरबी लोटाप्रमाणे रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ लागते आणि थोड्याच दिवसांत तो दगावू शकतो. म्हणून त्याने एक दिवस जरी खाणे टाकले तरी डॉक्टरांस बोलाविण्यास विलंब करीत नाहीत. त्या मुलास डॉक्टरांनी एक ताणकाटा दिला व सांगितले, "आता तुझे प्रेम ह्या काट्याने मोजून दे." तीन महिने त्या मुलाने दोन्ही वेळचे गवत तोलले, दर आठवड्यास फितीने घोड्याची छाती मोजली, केसांखाली हात घालून बरगड्या चाचपल्या. कुरणात सोडताना तो त्याच्या तोंडास जाळी बांधी. आपण मळणीच्या वेळी बैलांस मुसके बांधतो, तशीच. घोडा बचावला. त्या वर्षी मात्र त्यास जत्रेस नेता आले नाही. मुलगा आला होता. इतर मुलांच्या घोड्यांची ठाणे झाडण्याचे काम त्याने मागून घेतले होते.

जनावराच्या संगतीत मुलास मृत्यूही भेटतो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते व बहुधा रात्री विते. चिमुकल्या घोडीची वीण अवघड असते, कारण शिंगराचे डोके तिच्या मानाने मोठे असून ते अडण्याचे भय असते. म्हणून दिवस भरत आले, की घरची माणसे पाळीपाळीने जागतात. मुलांस एक सोपा हिशेब शिकवितात: शिंगरू एका तासात उभे राहावे, दोन तासांत दूध प्यावे आणि तीन तासांत घोडीचा वार पडावा. ह्यांतील काही चुकले, तर डॉक्टर. आमच्या यजमानांकडे आदल्या वर्षी शिंगरू अडले होते. डॉक्टर येईपर्यंत ते गेले. आईबापांनी मुलीस झोपेतून उठवून खरे ते सांगितले आणि निरोप घेऊ दिला. तिची वही आम्ही पाहिली आहे. त्या तारखेपुढे एवढेच लिहिले होते: "शिंगरू जगले नाही. घोडी बरी आहे. तिला कोमट पाणी दिले."

हे वाचून आम्हांस आमच्या लहानपणीची एक गोष्ट आठवली. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना घरच्या शेळीस दोन करडे झाली. त्यांतील एक अशक्त होते. आईने ते आमच्या हाती दिले. बोंडल्याने दूध पाजून, रात्री गोणपाटात गुंडाळून आम्ही ते जगविले. शाळेतून आलो, की ते वाटेवर सामोरे येई. एके दिवशी आले नाही. गोठ्यात रिकामे दावे पडले होते. वडिलांनी ते सकाळी बाजारास नेले होते. घरास पैशांची निकड होती आणि वडिलांचे काही चुकले, असे आज आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यांनी आदल्या रात्री आम्हांस सांगितले असते, तर! त्यानंतर आम्ही दुसऱ्या कोणत्याही करडास हात लाविला नाही.

तेथील मंडळांत ह्या बाबतीत फार स्पष्टपणा असतो. जे मूल विकण्यासाठी कोकरू वाढविते, त्यास पहिल्या दिवसापासून ते ठाऊक असते. जत्रेच्या शेवटी लिलाव होतो आणि पैसे मुलाच्या नावे जमा होतात. मुले रडतात, पण फसविली जात नाहीत. घोड्याचे तसे नसते. तो पंचवीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. दहा वर्षांची मुलगी अठराव्या वर्षी शिक्षणासाठी घर सोडील, तेव्हा घोड्याचे काय? हा प्रश्न तो घेण्यापूर्वीच विचारावा, असे तेथील जाणते लोक सांगतात. बिस्किट मुळात थोरल्या भावाचा होता. भाऊ मोठा झाला, त्याचे मन यंत्रांकडे वळले, म्हणून तो बहिणीकडे आला. तिच्यानंतर तो धाकट्याकडे जाईल, हे त्या घरी ठरलेले होते.

आईबापांनो, आम्ही आपणांस घोडे घेण्यास सांगत नाही. आपल्या घरी शेळी आहे, वासरू आहे, चार कोंबड्या आहेत. त्यांतील एक मुलाच्या नावाने द्या. परंतु देताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, काम वयाप्रमाणे आणि वेळ मोजका असू द्या. शाळा बुडवून, खेळ बुडवून गुरांमागे धाडणे ह्यास जबाबदारी म्हणत नाहीत. त्यास मुलाचे बालपण खर्ची घालणे म्हणतात. दुसरी, मुलाचे काम आपण उरकून टाकू नका, आणि त्यास एकटेही सोडू नका. रोज एकदा गोठ्यात जाऊन पाहा, विचारा. पाणी भरावयाचे राहिले असेल तर स्वतः भरू नका. मुलास हाक मारा. जनावर तहानलेले राहता कामा नये, आणि मुलाचा धडाही चुकता कामा नये. तिसरी, त्या जनावराचे पुढे काय होणार, हे पहिल्याच दिवशी मुलास खरेखरे सांगा. विकावयाचे असेल तर विकावयाचे म्हणा, आणि आलेल्या पैशांतील काही भाग त्याच्या नावे ठेवा.

आणि एक वही द्या. साधी, शाळेचीच. तीत जनावराची जन्मतारीख, लस कधी टोचली, जंतांचे औषध कधी दिले, वैरण किती, दूध किती, हे मुलाने आपल्या अक्षरात लिहावे. ज्या मुलाचे गणितात मन लागत नाही, ते शेळीच्या दुधाचा हिशेब करू लागते, हा आमच्या धर्मग्रामातील दोन घरांचा अनुभव आहे. परत आल्यावर आम्ही ही गोष्ट तेथे बोललो होतो. एका घरी मुलीकडे पाठ आली, एका घरी मुलाकडे वासरू. वासराच्या वहीत पहिल्या पानावर वजन लिहिण्याची जागा रिकामी होती. घरी एवढा मोठा काटा कोठून आणावा? मुलाने शाळेतील मास्तरांस विचारून छातीचा घेर मोजण्याची युक्ती शिकून घेतली आणि दर रविवारी तो आकडा तो लिहीत आहे.

येत्या फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता, चर्चमागील मैदानात आम्ही मुलांची एक ओळ उभी करणार आहोत. करडू, वासरू, कोंबडी, जे असेल ते घेऊन यावे. गावच्या पशुवैद्यांस आम्ही पाहण्यास बोलाविले आहे. जनावर देखणे असले पाहिजे, अशी अट नाही. ते स्वच्छ असावे, आणि ते काय व किती खाते, हे त्याच्या धन्यास सांगता यावे. वही बरोबर आणावी. आईबापांनी कुंपणाबाहेर उभे राहावे. उत्तर सुचवू नये.